भाडेपावतीवर नाव नसलेल्या रहिवाशांवर ताब्याच्या हुकूमनाम्याचा काय परिणाम होतो, आणि त्यांनी केव्हा काय करावे

मुंबईतल्या जुन्या चाळींमध्ये भाडेपावती आजही पुष्कळदा आजोबांच्या नावाने फाडली जाते आणि घरात मात्र नातवंडे राहत असतात. पुण्याच्या पेठांमधल्या वाड्यांतही वेगळे चित्र नाही. एका भावाच्या नावावर पावती, आणि दोन खोल्यांत विधवा वहिनी, अविवाहित आत्या, शिक्षणासाठी आलेला भाचा. इतकी वर्षे कोणी काही विचारलेले नसते. मग एखाद्या दिवशी न्यायालयाचा माणूस कागद घेऊन येतो आणि त्या कागदावर आपले नाव नाही, एवढ्यावरच काही जण निर्धास्त होतात, तर काही जण त्याच कारणाने हातपाय गाळतात. दोन्ही चुका सारख्याच महागात पडतात, कारण हुकूमनाम्यावर, म्हणजे न्यायालयाच्या निर्णयाच्या कागदावर, किंवा पावतीवर नाव असणे-नसणे यावर सगळे ठरत नाही. आपण त्या घरात कोणाच्या हक्काने राहतो, यावर ते ठरते.

हा लेख प्रामुख्याने महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू असलेल्या घरांविषयी आहे. तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि १९४७ चा जुना मुंबई भाडे कायदा त्याने मागे सारला. आपल्या प्रकरणाची कागदपत्रे वकिलाला दाखवणे अपरिहार्य आहे. परंतु वकिलाकडे जाण्याआधी स्वतःची बाजू स्वतःला नीट कळलेली असली, तर त्या पहिल्या भेटीतच निम्मे काम होते.

पहिली पायरी: आपला हक्क कोणाकडून आला ते लिहून काढा

एक कोरा कागद घ्या आणि त्यावर मूळ भाडेकरू कोण होते, ते हयात आहेत का, नसल्यास कोणत्या तारखेला वारले, त्या दिवशी घरात कोण कोण राहत होते आणि त्यानंतर भाडे कोणी भरले, एवढे लिहा. पुढचा सगळा विचार या कागदावर उभा राहतो.

भाडेकरू हयात असेल आणि आपण त्याची पत्नी, मुलगा, सून किंवा अन्य आप्त म्हणून त्याच्यासोबत राहत असाल, तर कायद्याच्या दृष्टीने आपली वहिवाट ही त्याचीच वहिवाट आहे. त्याच्याविरुद्ध झालेला ताब्याचा हुकूमनामा आपल्यालाही बांधतो, आणि दाव्यात प्रत्येक आप्ताला स्वतंत्र प्रतिवादी करण्याची गरज घरमालकाला नसते. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश २१, नियम ३५ असे सांगतो की हुकूमनाम्याने बांधलेली जी व्यक्ती घर सोडण्यास नकार देईल, तिला बाहेर काढून ताबा द्यावा. ‘बांधलेली व्यक्ती’ हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत, कारण ती व्यक्ती आणि हुकूमनाम्यात नाव असलेली व्यक्ती या नेहमीच एक नसतात.

भाडेकरू वारला असेल, तर स्थिती पूर्णपणे बदलते. १९९९ च्या अधिनियमातील ‘भाडेकरू’ या शब्दाची व्याख्या, म्हणजे कलम ७ चे पोटकलम १५, असे सांगते की राहण्यासाठी दिलेल्या घराचा भाडेकरू मरण पावल्यास, मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहत असलेला त्याच्या कुटुंबातील सदस्य हा भाडेकरू ठरतो. असा सदस्य नसेल तर वारस. आणि त्यांच्यात एकमत नसेल तर न्यायालय ठरवील तो. हा हक्क मूळ भाडेकरूच्या मृत्यूपुरता नाही, नंतरच्या भाडेकरूच्या मृत्यूनंतरही तो असाच पुढे जातो. येथे अनेकांचा एक मोठा गैरसमज असतो. दूरच्या शहरात नोकरी करणारा मुलगा वारस असूनही मागे राहू शकतो, आणि शेवटपर्यंत आईसोबत राहिलेली मुलगी पावतीवर नाव नसतानाही भाडेकरू ठरू शकते. त्याचप्रमाणे, भाडेहक्क मृत्युपत्राने कोणाच्याही नावे करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली जुन्या मुंबई कायद्याखालील प्रकरणात स्पष्ट केले आहे. काकांनी मृत्युपत्रात खोली माझ्या नावे लिहिली, एवढ्या आधारावर विसंबून राहू नये.

पावती एका भावाच्या नावावर बदलून घेतली जाते त्या प्रसंगाकडे मी विशेष लक्ष वेधू इच्छितो, कारण घरोघरी हेच घडते आणि त्या वेळी कोणी दोन वेळा विचार करत नाही. वडील वारल्यावर सगळ्यांच्या संमतीने थोरल्याच्या नावे पावती होते. पुढे थोरल्याविरुद्ध दावा होतो, तो हरतो, आणि ताबा घेण्याच्या वेळी धाकट्याचे कुटुंब म्हणते की आम्हीही वडिलांकडून भाडेकरू आहोत, आम्हाला प्रतिवादी केलेच नाही. मुंबईतील अशाच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली हा युक्तिवाद मान्य केला नाही. ज्याला कुटुंबाच्या वतीने भाडेकरू म्हणून स्वीकारले गेले, त्याच्याविरुद्धचा हुकूमनामा घरातल्या इतरांनाही लागू होतो, असा त्याचा आशय आहे. म्हणून पावतीवर ज्याचे नाव आहे तो भाऊ दावा कसा लढवतो आहे, याकडे धाकट्यांनी पहिल्या तारखेपासून लक्ष ठेवले पाहिजे.

दुसरी पायरी: आपण कुटुंबाबाहेरचे असाल तर तारखा तपासा

पोटभाडेकरू, जुन्या काळचा परवानाधारक (भाडेकरू न होता केवळ परवानगीने राहणारा), किंवा पैसे देऊन खोलीचा एक भाग वापरणारा अशा माणसांसाठी दोन तारखा निर्णायक आहेत. १९४७ च्या कायद्यात नंतर केलेल्या दुरुस्तीमुळे १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू परवान्याने प्रत्यक्ष वहिवाटीत असलेल्या परवानाधारकांना भाडेकरूचा दर्जा मिळाला. १९९९ च्या अधिनियमातील कलम २५ नुसार, तो अमलात आला त्या दिवशी अस्तित्वात असलेली कायदेशीर पोटभाडेदारी, किंवा घरमालकाबरोबरच्या कराराने परवानगी असलेली पोटभाडेदारी, मुख्य भाडेकरूचा हक्क संपला तरी टिकते आणि तो पोटभाडेकरू थेट घरमालकाचा भाडेकरू समजला जातो. अशा व्यक्तीकडे स्वतःचा स्वतंत्र हक्क आहे, आणि तो तिने पुराव्यासह मांडला पाहिजे.

घरमालकाच्या परवानगीशिवाय नंतर ठेवलेल्या पोटभाडेकरूची बाजू मात्र फार कमकुवत असते. मुख्य भाडेकरूविरुद्धचा हुकूमनामा त्यालाही बांधतो, त्याला दाव्यात सामील केलेले नसले तरीही. कटकारस्थानाने किंवा फसवणुकीने हुकूमनामा मिळवला असेल तर गोष्ट वेगळी. सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व १९६४ सालीच सांगितले आहे. शिवाय त्याचे तिथे असणे हेच कलम १६ खाली घरमालकाला दाव्याचे कारण देते. भाच्याला खोलीची किल्ली देऊन कायमचे गावी गेलेल्या भाडेकरूने हेही लक्षात घ्यावे की दावा दाखल होण्याच्या लगतपूर्वीचे सलग सहा महिने योग्य कारणाशिवाय घराचा वापर न होणे हे त्याच कलमातले वेगळे कारण आहे. भाचा भाडेकरूच्या कुटुंबातला म्हणून राहतो की एकट्याने पूर्ण ताबा घेऊन बसला आहे, यावर अशा प्रकरणात साक्षी-पुरावे होतात.

लिव्ह अँड लायसन्स करारावर घर घेतलेल्यांसाठी नियम आणखी कडक आहे, आणि नोकरीसाठी मुंबई-पुण्यात नव्याने आलेल्या तरुणांनी तो जरूर वाचावा. राहण्यासाठी दिलेल्या परवान्याची मुदत संपल्यावर घरमालक कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा अर्जांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जातो. करारानुसार परवानाधारक नसलेल्या अन्य कोणत्याही व्यक्तीचा कसलाही दावा प्राधिकाऱ्याने विचारात घेऊ नये, असे तेच कलम सांगते. चौघांनी मिळून भाडे भरले आणि करार एकाच्या नावावर असेल, तर उरलेल्या तिघांना तेथे म्हणणे मांडण्याची जागाच उरत नाही. ज्याचे नाव आहे, त्यालाही समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत शपथपत्र देऊन लढण्याची परवानगी मागावी लागते आणि मुदतीनंतर राहिल्याबद्दल दुप्पट दराने नुकसानभरपाई त्याच्याच माथी बसते. म्हणून करार करताना प्रत्येक सज्ञान राहणाऱ्याचे नाव त्यात घालून घ्यावे. पुढे जो त्रास वाचतो त्याच्या तुलनेत हे काम अगदी थोडे आहे.

सरकारी, रेल्वेच्या किंवा सार्वजनिक उपक्रमांच्या मालकीच्या इमारतींना भाडे नियंत्रणाचे संरक्षण सामान्यतः नसते. केंद्राच्या किंवा केंद्रीय उपक्रमांच्या इमारतींमध्ये मालमत्ता अधिकारी १९७१ च्या सार्वजनिक जागांविषयीच्या कायद्याखाली नोटीस काढतो, ती जागेत राहणाऱ्या सर्वांना उद्देशून असते, आणि आदेशाविरुद्ध अपिलासाठी अवघे बारा दिवस मिळतात. तेथे नोटिशीला उत्तर देण्यात एक दिवसही दवडू नये.

तिसरी पायरी: पुरावा आत्ताच गोळा करा

‘मृत्यूच्या वेळी सोबत राहत होतो’ हे तोंडाने सांगून पटत नाही. भाडेकरूचे मृत्यू प्रमाणपत्र आणि त्या तारखेच्या आधीची व त्या तारखेच्या आसपासची कागदपत्रे यांची सांगड घालावी लागते. रेशन कार्ड, मतदार यादीचा उतारा, बँकेचे पासबुक, गॅस जोडणीचे पुस्तक, शाळा सोडल्याचा दाखला, रुग्णालयातील नोंदी, टपालाने आलेली जुनी पत्रे, असे काहीही चालते; मात्र नुकताच पत्ता बदलून घेतलेले आधार कार्ड दहा वर्षांपूर्वीची वहिवाट सिद्ध करत नाही. वीजबिल बहुधा मूळ भाडेकरूच्याच नावावर असते, पण ते कोणी भरले हे आपल्या बँकखात्यावरून दाखवता येते. घरमालक आपल्याकडून भाडे स्वीकारत नसेल, तर मनीऑर्डरने पाठवून परत आलेल्या पावत्या जपून ठेवण्याची जुन्या भाडेकरूंची पद्धत अतिशय शहाणपणाची होती. आज बँकेतून पाठवले तरी घरमालकाने ते परत केल्याची नोंद जपावी आणि सोबत एक पत्र पोच मिळेल अशा टपालाने पाठवून पावती आपल्या नावे करण्याची मागणी लेखी करावी. घरमालकाने उत्तर दिले नाही तरी पत्राची प्रत आणि पोच कामी येते.

चौथी पायरी: दावा चालू असतानाच पुढे या

माझ्या मते या सगळ्यातली ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे, आणि सर्वांत जास्त लोक इथेच चुकतात. समन्स एकाच्या नावे आले म्हणून बाकीचे घरात बसून राहतात. दावा बृहन्मुंबईत लघुवाद न्यायालयात, म्हणजे धोबीतलावच्या इमारतीत किंवा वांद्रे येथील शाखेत चालतो. इतरत्र लघुवाद न्यायालय नसेल तेथे दिवाणी न्यायाधीशांपुढे. समन्सवर दाव्याचा क्रमांक असतो. समन्स हाती नसेल, तर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर घरमालकाच्या आणि पावतीवरच्या व्यक्तीच्या नावाने शोध घ्यावा आणि दाव्याची नक्कल काढून त्यातली कारणे वाचावीत.

भाडे थकल्याच्या कारणावरून दावा असेल तर तो थांबवण्याची सोय कलम १५ मध्ये आहे. घरमालकाने आधी लेखी मागणीची नोटीस देऊन नव्वद दिवस वाट पाहिलेली असली पाहिजे, आणि समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत सगळी थकबाकी दरसाल पंधरा टक्के सरळ व्याजासह भरली, पुढचे भाडे नियमित भरत राहिले आणि न्यायालयाने ठरवलेला दाव्याचा खर्चही दिला, तर त्या कारणासाठी ताब्याचा हुकूमनामा होत नाही. पावतीवर नाव असलेला माणूस उदासीन असेल, तर घरातल्या इतरांनी पैसे उभे करून त्याच्यामार्फत ते वेळेत भरून घ्यावेत. ही मुदत एकदा गेली की ती परत मिळवणे फार कठीण जाते.

आपला हक्क स्वतंत्र असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १, नियम १० खाली आपल्याला प्रतिवादी करून घ्यावे असा अर्ज देता येतो. घरमालकाची संमती नसेल तर न्यायालय असा अर्ज सहजासहजी मान्य करत नाही, तरीही अर्ज केल्याने आपला दावा वेळीच नोंदला जातो; नंतर ‘बेलिफ (ताबा घ्यायला येणारा न्यायालयाचा कर्मचारी) आल्यावर सुचले’ असा आरोप होत नाही. भाडेकरू दावा चालू असताना वारला, तर त्याच्या वारसांना दाव्यात आणण्यासाठी नव्वद दिवसांची मुदत असते. त्या वेळी कोणाची नावे लागतात आणि कोणाची सुटतात, हे घरातल्यांनी डोळ्यांत तेल घालून पाहावे.

नवऱ्याने सोडून दिलेल्या पत्नीचा प्रश्न येथे वेगळा सांगितला पाहिजे. नवरा भाडेकरू आहे, तो निघून गेला आहे, दाव्यात हजरच होत नाही, किंवा घरमालकाशी संगनमत करून घर सोडून देण्यास तयार आहे. अशा वेळी त्या घरात राहणारी पत्नी स्वतः पुढे येऊन दावा लढवू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली म्हटले आहे. तिला नवऱ्याला असलेल्या बचावांपेक्षा अधिक बचाव मिळत नाहीत, आणि तिने ही परिस्थिती न्यायालयाला सांगून लढण्याची परवानगी मागावी लागते. घटस्फोट झाला की ही स्थिती बदलते. घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याखाली मिळणारा निवासाचा आदेश मुख्यतः नवऱ्याविरुद्ध व त्याच्या नातेवाइकांविरुद्ध असतो; तो घरमालकाच्या हुकूमनाम्यापुढे ढाल म्हणून धरता येईल असे समजू नये. मात्र त्याच कायद्यात नवऱ्याने तशाच दर्जाचे दुसरे घर द्यावे किंवा त्याचे भाडे भरावे असा आदेश मागता येतो, आणि तो मागावा. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, हे येथे आवर्जून सांगतो.

पाचवी पायरी: बेलिफ दाराशी आल्यास

हुकूमनामा झाल्यावर घरमालक दरखास्त, म्हणजे त्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करतो. त्यासाठी त्याला बारा वर्षांची मुदत असते, म्हणून दोन-चार वर्षे कोणी आले नाही याचा अर्थ प्रकरण मिटले असा होत नाही. दरखास्तीत ताब्याचे वॉरंट निघते आणि बेलिफ ते घेऊन येतो. वॉरंटवरचा दरखास्त क्रमांक, खोलीचा क्रमांक आणि नावे शांतपणे वाचून उतरवून घ्यावीत. धक्काबुक्की, शिवीगाळ, दारात आडवे पडणे यांपैकी काहीही करू नये; त्याने गुन्हा दाखल होतो आणि न्यायालयात आपल्याविषयी वाईट मत होते. बेलिफाला एवढेच सांगावे: माझे नाव हे, मी या खोलीत या वर्षापासून या हक्काने राहतो, मी या हुकूमनाम्यात पक्षकार नाही, माझी हरकत आपल्या अहवालात नोंदवावी. त्याने लिहिलेले वाचल्याशिवाय सही करू नये.

अशी हरकत नोंदली गेली की घरमालकाला आदेश २१, नियम ९७ खाली तीस दिवसांत अर्ज करावा लागतो. मुंबईच्या लघुवाद न्यायालयात याला सरसकट ‘ऑब्स्ट्रक्शनिस्ट नोटीस’ (अडथळा करणाऱ्यावरची नोटीस) म्हणतात, आणि ती आपल्यावर बजावली गेली म्हणजे आपल्याला म्हणणे मांडण्याची रीतसर संधी मिळाली, असे समजावे. त्या नोटिशीचे उत्तर म्हणजे जणू स्वतःचा दावाच असतो, कारण नियम १०१ नुसार घराच्या हक्काविषयीचे सगळे प्रश्न तेथेच ठरतात, वेगळा दावा करता येत नाही, आणि त्या निकालाला हुकूमनाम्याइतकीच किंमत असते. म्हणजे त्यावर अपीलही होते. घरमालकाने अर्ज करण्याची वाट न पाहता, बाहेर काढले जाण्याआधीच त्रयस्थ व्यक्ती स्वतः दरखास्तीच्या न्यायालयात आपला हक्क मांडू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या निकालाने पक्के झाले आहे. वॉरंट निघाल्याचे कळताच हाच मार्ग धरावा. दावा चालू असताना भाडेकरूकडून जागा घेतलेल्याला मात्र नियम १०२ मुळे ही हरकत घेता येत नाही.

प्रत्यक्ष बाहेर काढलेच गेले, तर नियम ९९ खाली ताबा परत मागता येतो, पण त्यासाठी ताबा गेल्याच्या दिवसापासून फक्त तीस दिवस असतात. सामान कोठे ठेवायचे, मुलांच्या शाळेचे काय, या धावपळीत हे तीस दिवस पाहता पाहता निघून जातात. त्या दिवशी घरातल्या एका माणसाने सामानाची जबाबदारी घ्यावी आणि दुसऱ्याने सरळ वकिलाकडे जावे.

न्यायालयाचा कागदच नसताना घरमालकाने कुलूप बदलले किंवा माणसे आणून बाहेर काढले, तर तो वेगळा विषय आहे. अशा वेळी विशिष्ट साहाय्य अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा करून, मालकी कोणाची या वादात न शिरता, गेलेला ताबा परत मागता येतो. भाडेकरूचे पाणी किंवा वीज तोडण्यास १९९९ च्या अधिनियमाच्या कलम २९ ने मनाई आहे.

शेवटी उरते ती मुदत

अपील फेटाळले गेले, उच्च न्यायालयातही यश आले नाही, तर बहुतेक वेळा घर सोडण्यासाठी काही महिन्यांची मुदत मागितली जाते. न्यायालय ती देते, पण हमीपत्रावर. पावतीवर नाव नसलेल्यांसाठी हा कागद फार महत्त्वाचा आहे, कारण त्यात घरात राहणाऱ्या सर्व सज्ञान व्यक्तींची नावे लिहून द्यावी लागतात आणि पुष्कळदा त्यांच्या सह्याही लागतात. ताबा आमच्याकडेच आहे, दुसऱ्या कोणाला जागेत घेतलेले नाही, घेणार नाही, आणि ठरल्या तारखेला घर रिकामे करू, असे त्यात लिहिलेले असते. आजवर कोणत्याही कागदावर नसलेले आपले नाव पहिल्यांदा येथे येते, आणि हमीपत्र मोडल्यास न्यायालयाच्या अवमानाची जबाबदारी व्यक्तिशः आपल्यावर येते. ज्याला स्वतंत्र हक्क सांगायचा आहे त्याने ही सही करण्यापूर्वी वकिलाशी एकट्याने बोलावे, कारण सही केल्यानंतर ‘मी भाडेकरूमार्फत राहत नव्हतो’ हे म्हणणे टिकवणे अवघड जाते. ज्याच्याकडे तसा हक्क नाही, त्याने मुदत नीट मोजून मागावी: शाळेची परीक्षा कधी संपते, नव्या जागेची अनामत कधी जमते, आजारी माणसाला कधी हलवता येईल, हे सगळे अर्जात कारणांसह लिहावे, आणि हमीपत्राची एक प्रत घरातल्या प्रत्येकाने स्वतःजवळ ठेवावी.